रस्त्यावर फुकट, पडद्यावर विकत

२७ जुलै २०२५ च्या रविवारी पॅरिसमध्ये ‘टूर द फ्रान्स’ची सांगता झाली. माँमार्त्रची दगडी चढण, वरून पाऊस, शाँझेलिझेवर बेल्जियमच्या वाऊट व्हॅन आर्टने जिंकलेला अखेरचा टप्पा आणि एकूण शर्यतीत स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारचे चौथे विजेतेपद, असा तो दिवस होता. ब्रिटनमधील सायकलप्रेमींच्या दृष्टीने मात्र त्या संध्याकाळी आणखी एक पर्व संपले. २००२ पासून सलग चोवीस वर्षे ही शर्यत विनामूल्य दाखविणाऱ्या आयटीव्हीचे, हाती असलेल्या करारातील ते शेवटचे प्रक्षेपण होते. २०२६ ते २०३० या पाच वर्षांचे ब्रिटनमधील हक्क ‘वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी’ या अमेरिकी समूहाने एकट्याकडे घेतल्याची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्येच झाली होती.

एका वाहिनीकडून दुसऱ्या वाहिनीकडे हक्क जाणे यात वास्तविक नवे काही नाही. क्रिकेटच्या हक्कांचे लिलाव पाहून आपले डोळे केव्हाच सरावले आहेत. परंतु सायकल शर्यतीचे अर्थकारण क्रिकेटसारखे नाही. तेथे मैदान नाही, प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही. लाखो माणसे रस्त्याच्या कडेला फुकट उभी राहतात आणि त्यांच्यासमोरून शर्यत अर्ध्या-पाऊण मिनिटात निघून जाते. उरलेले चार-पाच तास काय घडले, हे ज्याच्याकडे पडदा आहे त्यालाच कळते. म्हणजे या खेळात चित्र हेच मैदान आहे, आणि त्या मैदानाला कुंपण कोणी घालायचे, हा प्रश्न इतर कोणत्याही खेळापेक्षा येथे अधिक मूलभूत ठरतो.

गंमत अशी, की हा खेळच मुळी माध्यमांच्या स्पर्धेतून जन्माला आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ‘ल व्हेलो’ हे हिरव्या कागदावर छापले जाणारे क्रीडा दैनिक आघाडीवर होते. ड्रेफस प्रकरणाने सारा देश दुभंगला तेव्हा त्याचे संपादक पिएर जिफार ड्रेफसच्या बाजूने उभे राहिले. मोटारी बनविणारे काउंट द दियाँ आणि अन्य काही बडे जाहिरातदार विरुद्ध गोटातले. त्यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि १९०० मध्ये आपले स्वतंत्र दैनिक काढले. त्याचे नाव ‘लोतो-व्हेलो’, कागद पिवळा, संपादक आंरी देग्रांज. नावातील साम्यावरून खटला झाला, नवे दैनिक हरले आणि जानेवारी १९०३ मध्ये त्याला ‘व्हेलो’ हा शब्द गाळावा लागला. सायकलचे नावच गेले म्हटल्यावर सायकलप्रेमी वाचक टिकवायचा कसा? जेओ लफेव्हर या तरुण वार्ताहराने संपूर्ण फ्रान्सला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना सुचविली. त्याच उन्हाळ्यात पहिली टूर झाली, ‘लोतो’चा खप दुपटीहून अधिक वाढला आणि ‘ल व्हेलो’ला पुढच्याच वर्षी टाळे लागले. १९१९ पासून आघाडीवीराच्या अंगावर येणारी पिवळी जर्सी ही त्या वृत्तपत्राच्या कागदाची आठवण आहे. इटलीत हेच ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने १९०९ मध्ये केले, तिचा कागद गुलाबी, म्हणून ‘जिरो दि’तालिया’ची जर्सी गुलाबी. स्पेनची व्हुएल्ता १९३५ मध्ये सुरू झाली तीही ‘इन्फॉर्मासिओनेस’ या दैनिकाच्या पुढाकाराने. आपल्याकडे वृत्तपत्रे व्याख्यानमाला आणि एकांकिका स्पर्धा भरवितात, त्याच जातीचा हा उद्योग. फक्त त्याचे पुढे साम्राज्य झाले.

ते साम्राज्य आज ‘अमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशन’ अर्थात एएसओ या कंपनीचे आहे. ‘लोतो’चा वारस असलेले ‘लेकिप’ हे दैनिकही त्याच अमोरी समूहाचे. टूरखेरीज पारि-रुबे, लिएज-बास्तोन-लिएज, पारि-नीस या शर्यती एएसओच्या मालकीच्या आहेत. २०१४ पासून व्हुएल्ताही पूर्णपणे त्यांचीच आहे. इटलीत जिरो, मिलान-सान रेमो, लोंबार्दिया या शर्यती ‘आरसीएस’कडे, म्हणजे पुन्हा ‘गाझेत्ता’च्याच समूहाकडे. जागतिक संघटना म्हणून ‘यूसीआय’ आहे, पण तिच्या हाती नियम आहेत, दिनदर्शिका आहे; शर्यतीची मालकी नाही.

दूरचित्रवाणीचा कॅमेरा या खेळात आला तो १९४८ मध्ये, पॅरिसच्या पार्क दे प्रँस या मैदानावरील समाप्ती दाखविण्यासाठी. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे ही एका अवघड तांत्रिक झुंजीची कथा आहे. वानखेडेवर पंचवीस-तीस कॅमेरे ठरावीक जागी बसविले की काम भागते. येथे दीडशे-दोनशे किलोमीटरचे ‘मैदान’ रोज बदलते, आणि खेळाडू ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने डोंगर-दऱ्यांतून पळत असतात. मोटारसायकलच्या मागच्या आसनावर उलटे किंवा उभे राहून कॅमेरामन चित्रण करतो, ते संकेत वरच्या हेलिकॉप्टरकडे व त्याहून उंच घिरट्या घालणाऱ्या विमानाकडे जातात, तेथून समाप्तीस्थळाजवळच्या तांत्रिक तळावर उतरतात आणि मग जगभर. आल्प्समध्ये धुके दाटले, विमान उडू शकले नाही, की पडदा कोरा. हा खर्च साऱ्या वाहिन्यांनी वेगवेगळा करणे अशक्य. त्यामुळे एक यजमान प्रक्षेपक चित्र निर्माण करतो आणि बाकीचे ते विकत घेऊन आपापल्या भाषेतील समालोचन त्यावर चढवितात. टूरसाठी हे काम ‘फ्रान्स तेलेव्हिजियाँ’ ही तेथील सार्वजनिक संस्था करते.

सार्वजनिक संस्थेला हे परवडते कसे, याचे उत्तर हेलिकॉप्टरमध्ये आहे. द्राक्षमळे, किल्ले, चर्चचे मनोरे, डोंगरकड्यावरची खेडी, यांची वरून टिपलेली दृश्ये हा टूरच्या प्रक्षेपणाचा अर्धा प्राण आहे. झाँ-पॉल ओलिव्हिए या पत्रकाराने वर्षानुवर्षे या स्थळांचा इतिहास शर्यत चालू असतानाच सांगितला आणि फ्रेंच आजी-आजोबांना सायकलीशी काडीचे कर्तव्य नसताना दूरचित्रवाणीसमोर बसविले. गावे आणि शहरे एखादा टप्पा आपल्याकडे यावा म्हणून एएसओला पैसे मोजतात ते या दृश्यांसाठीच. उन्हाळी सुटीतील दुपारी तीन आठवडे देशाचे सचित्र दर्शन घडविणारा हा कार्यक्रम आहे आणि त्यात अधूनमधून सायकली दिसतात, असे कोणी थट्टेने म्हटले तर ते अगदीच खोटे नाही.

कॅमेऱ्याने खेळाला पैसा दिला, तसे खेळाचे रूपही बदलले. २०१७ पासून टूरचा प्रत्येक टप्पा पहिल्या किलोमीटरपासून थेट दाखविला जातो. पूर्वी पहिले दोन-तीन तास कोणी पाहत नसे, त्यामुळे त्यांत काही घडो न घडो, कोणाला फिकीर नव्हती. आता ते तास भरावे लागतात. मग टप्पे आखूड झाले, चढणी लवकर येऊ लागल्या. २०१८ मध्ये पिरेनीज पर्वतात अवघ्या ६५ किलोमीटरचा एक टप्पा ठेवला गेला आणि त्याच्या प्रारंभरेषेवर मोटार शर्यतीसारखी रांगवार मांडणी करण्यात आली. स्पर्धकांना त्याचा किती उपयोग झाला हा वेगळा मुद्दा. चित्र छान आले.

चित्रासाठीची ही धावपळ कधी अंगाशीही येते. १० जुलै २०११ रोजी साँ-फ्लूरकडे जाणाऱ्या टप्प्यात फ्रेंच दूरचित्रवाणीच्या मोटारीने आघाडीच्या तुकडीला ओलांडताना झाड चुकविण्यासाठी अचानक वळण घेतले. स्पेनचा हुआन अंतोनिओ फ्लेचा तिच्या धक्क्याने आडवा झाला आणि नेदरलँड्सचा जॉनी होगरलांड काटेरी तारांच्या कुंपणावर फेकला गेला. होगरलांडला तेहतीस टाके पडले. फाटलेल्या कपड्यांनिशी त्याने तो टप्पा पूर्ण केला आणि ते दृश्य, अर्थातच, जगभर पुन:पुन्हा दाखविले गेले.

आता मुख्य व्यवहाराकडे वळू. प्रक्षेपण हक्कांतून येणारा पैसा आयोजक स्वत:कडे ठेवतात. संघांना सहभागाचा भत्ता मिळतो, बक्षिसे मिळतात; हक्कांच्या रकमेत वाटा नाही. आयपीएलमध्ये संघांच्या तिजोरीचा मोठा भाग प्रक्षेपणाच्या पैशाने भरतो, त्याच्या नेमके उलटे. मग सायकल संघ जगतात कशावर? तर संपूर्णपणे प्रायोजकांवर. म्हणूनच संघांची नावे गावांची नसून कंपन्यांची असतात: सुदाल-क्विकस्टेप, लिडल-ट्रेक, व्हिस्मा-लीज अ बाइक. फरशीची जोडणी, किराणा दुकाने, संगणकप्रणाली. प्रायोजकाने पैसे मोजलेले असतात ते जर्सीवरील नाव पडद्यावर किती मिनिटे दिसते त्याचे. ते जितक्या अधिक डोळ्यांना दिसेल तितके संघाचे आयुष्य अधिक. याचा अर्थ असा, की शर्यत विनामूल्य वाहिनीवरून सशुल्क वाहिनीवर गेली, तर आयोजकाचे उत्पन्न वाढते आणि संघाच्या जर्सीचे मोल घटते. एकाच व्यवहारात एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी, आणि ज्याची हानी होते तो वाटाघाटीच्या मेजावर बसलेलाच नाही.

संघांची ही स्थिती किती नाजूक असते, याचा दाखला २०११ मध्येच मिळाला होता. त्या वर्षीच्या टूरमध्ये ‘एचटीसी-हायरोड’ संघाच्या मार्क कॅव्हेंडिशने पाच टप्पे जिंकले, हिरवी जर्सी मिळविली. टूर संपून दोन आठवडेही होत नाहीत तोच संघ बंद होत असल्याची घोषणा झाली. त्या काळातील सर्वाधिक विजय मिळविणाऱ्या संघांपैकी एक. पण नवा प्रायोजक सापडला नाही. २०२५ च्या अखेरीस फ्रान्सचा ‘अर्केआ’ संघ याच वाटेने गेला आणि बेल्जियममधील ‘लोटो’ व ‘इंटरमार्शे’ या दोन संघांना एकत्र यावे लागले.

पडदा काळा झाला की काय होते, हे सर्वांत स्पष्टपणे जर्मनीत दिसले, आणि तो इतिहास सविस्तर सांगण्याजोगा आहे. १९९७ मध्ये यान उलरिश टूर जिंकणारा पहिला जर्मन ठरला आणि तेथे या खेळाची अक्षरश: लाट आली. एआरडी ही सार्वजनिक वाहिनी त्या लाटेवर नुसती स्वार झाली असे नव्हे, तर तिने ‘टेलिकोम’ संघाचे सहप्रायोजकत्व घेतले. खेळाडूंच्या अंगावर वाहिनीचे बोधचिन्ह झळकू लागले. पुढे असेही उघड झाले, की मुलाखती व कार्यक्रमांसाठी उलरिशशी तिचा थेट मानधनाचा करार होता. ज्याच्यावर बातमी द्यायची त्यालाच पैसे द्यायचे! परवाना शुल्क भरणाऱ्या जर्मन प्रेक्षकाच्या पैशातून हे चालले होते. २००६ मध्ये स्पेनमधील उत्तेजक प्रकरणात नाव आल्यामुळे टूरच्या पूर्वसंध्येला उलरिशला बाहेर ठेवण्यात आले आणि ही मैत्री वाहिनीच्या गळ्याशी आली.

त्यानंतरचा झोका तितकाच दुसऱ्या टोकाचा होता. १८ जुलै २००७ रोजी ‘टी-मोबाइल’ संघाच्या पॅट्रिक सिंकेविट्झची चाचणी सदोष आल्याचे वृत्त येताच एआरडी आणि झेडडीएफ या दोन्ही सार्वजनिक वाहिन्यांनी टूर चालू असतानाच प्रक्षेपण थांबविले. नैतिक भूमिका म्हणून हे कौतुकास्पदच. पण बाजारात पोकळी टिकत नाही. ‘झाट आइन्स’ या खासगी वाहिनीने दुसऱ्याच दिवशी उरलेली शर्यत उचलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘टी-मोबाइल’ खेळातून बाहेर पडली. २००८ नंतर जर्मनीची राष्ट्रीय शर्यत बंद पडली, ‘गेरोलश्टाइनर’ संघ त्याच वर्षी आणि ‘मिलराम’ २०१० मध्ये संपला. २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत सार्वजनिक वाहिन्यांवर टूर थेट दिसली नाही. दुर्दैव असे, की नेमक्या याच काळात जर्मन खेळाडूंची नवी पिढी बहरली होती. २०१३ च्या टूरमध्ये मार्सेल किटेलने चार आणि आंद्रे ग्रायपेल व टोनी मार्टिन यांनी प्रत्येकी एक असे सहा टप्पे जिंकले. किटेलने पिवळी जर्सीही घातली. हे सारे बहुसंख्य जर्मनांना दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून समजले. २०१५ मध्ये एआरडी परतली, त्याच वर्षी जर्मन नोंदणीचा संघ पुन्हा अव्वल श्रेणीत आला, २०१७ मध्ये टूर ड्युसेलडॉर्फहून निघाली आणि २०१८ मध्ये एएसओच्या साहाय्याने राष्ट्रीय शर्यत पुन्हा सुरू झाली. या सर्वांचे श्रेय वा खापर एकट्या प्रक्षेपणावर फोडणे अन्यायाचे होईल. उत्तेजकांनी विश्वासच संपविला होता. तथापि, या घटनांचा क्रम डोळ्यांआड करता येण्यासारखा नाही.

इटलीतील स्पर्धा निराळ्या वळणाची. तेथे जिरो म्हणजे राय ही सार्वजनिक वाहिनी, असे समीकरण होते. टप्पा संपल्यावर त्याची चिरफाड करणारा सेर्जिओ झाव्होली यांचा कार्यक्रम साठच्या दशकात शर्यतीइतकाच लोकप्रिय होता. १९९३ मध्ये सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या फिनइन्व्हेस्ट समूहाने जिरो आपल्याकडे ओढून नेली. पाच वर्षे ती खासगी वाहिनीवर राहिली आणि १९९८ मध्ये राय तिला परत घेऊन आली, नेमकी मार्को पँतानीच्या विजयाच्या वर्षी. तेथे प्रेक्षकाचे मात्र नुकसान झाले नाही, कारण दोन्ही स्पर्धक विनामूल्य वाहिन्या होत्या. अमेरिकेत ‘आउटडोअर लाइफ नेटवर्क’ या शिकार आणि मासेमारी दाखविणाऱ्या आडबाजूच्या वाहिनीने २००१ पासून टूर घेतली आणि लान्स आर्मस्ट्राँगच्या जोरावर घराघरांत नाव कमावले. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. वाहिनीचे नावही तोवर दोनदा बदलले होते.

युरोपातील सशुल्क बाजूचा इतिहास ‘युरोस्पोर्ट’चा आहे. १९८९ मध्ये युरोपच्या सार्वजनिक वाहिन्यांच्या संघटनेतील सदस्य आणि रुपर्ट मर्डोक यांची ‘स्काय’ यांनी मिळून ही वाहिनी काढली. ‘स्क्रीनस्पोर्ट’ या प्रतिस्पर्धी वाहिनीने तक्रार केली, की हक्क आधीच ताब्यात असलेल्या संस्था खासगी भागीदाराशी संगनमत करून बाजार बंद करीत आहेत. युरोपीय आयोगाने १९९१ मध्ये ती मान्य केली. स्काय बाहेर पडली, फ्रान्सची टीएफ१ आत आली आणि १९९३ मध्ये तक्रारदार ‘स्क्रीनस्पोर्ट’च युरोस्पोर्टमध्ये विलीन झाली! स्पर्धा वाचविण्यासाठी दिलेल्या निर्णयाची परिणती अशी झाली. पुढे २०१५ पर्यंत ‘डिस्कव्हरी’ने युरोस्पोर्ट पूर्णपणे विकत घेतली, २०२२ मध्ये डिस्कव्हरी आणि ‘वॉर्नर’ एक झाल्या.

युरोस्पोर्टच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सार्वजनिक वाहिन्यांना टूर हवी असते. फेब्रुवारीतील थंडीत बेल्जियमच्या चिखलात होणारी शर्यत त्यांना नको असते. वर्षभराचा खेळ, लहान शर्यती, स्त्रियांच्या शर्यती यांना पहिली नियमित जागा अशा वाहिन्यांनी दिली. २०२२ मध्ये स्त्रियांची टूर नव्या रूपात सुरू झाली तेव्हा तिला तयार प्रेक्षक मिळाला, त्यात या वाहिन्यांचा वाटा आहे. ‘जीसीएन प्लस’ या सेवेने तर माफक वर्गणीत इतक्या शर्यती उपलब्ध केल्या, की निष्ठावंत प्रेक्षकांना स्वर्ग दोन बोटे उरला. पण तीही डिस्कव्हरीच्याच ताब्यात गेली होती आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद करण्यात आली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रिटनमधील युरोस्पोर्ट वाहिनीच बंद झाली आणि तिच्यावरील सायकलिंग ‘टीएनटी स्पोर्ट्स’वर गेले. ज्यांना महिना ६.९९ पौंडांत शर्यती दिसत होत्या, त्यांच्यापुढे ३०.९९ पौंडांचे देयक आले. फुटबॉल, रग्बी आणि इतर बरेच काही त्यात समाविष्ट आहे हे खरे. पण ज्याला केवळ सायकल पाहायची आहे त्याला फुटबॉलचेही पैसे मोजणे भाग आहे. चौपटीहून अधिक दरवाढ झाली ती स्पर्धा वाढल्यामुळे नव्हे, तर स्पर्धक उरला नाही म्हणून.

सर्वच देशांनी हे बाजारावर सोडलेले नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धा विनामूल्य वाहिनीवर दिसल्याच पाहिजेत, अशी सूची करण्याची मुभा युरोपीय कायद्याने १९९७ मध्ये सदस्य देशांना दिली. फ्रान्सच्या सूचीत टूर आणि पारि-रुबे आहेत, इटलीच्या सूचीत जिरो आहे. ब्रिटनच्या सूचीत विम्बल्डनचे अंतिम सामने आहेत, डर्बी आणि ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या शर्यती आहेत, टूर नाही. ब्रॅडली विगिन्सने २०१२ मध्ये ब्रिटनला पहिले विजेतेपद मिळवून दिले, ख्रिस फ्रूमने चार वेळा आणि गेरेंट थॉमसने २०१८ मध्ये ते मिळविले, तरी सूची बदलली नाही. ब्रिटनने हाच धडा क्रिकेटमध्ये एकदा गिरविला आहे. २००५ ची अविस्मरणीय ॲशेस मालिका ‘चॅनेल फोर’वर साऱ्या देशाने पाहिली आणि पुढच्याच वर्षापासून कसोटी क्रिकेट ‘स्काय’च्या वर्गणीमागे गेले. तिजोरी भरली. पण २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंड खेळणार म्हटल्यावर ‘स्काय’ला तो विनामूल्य वाहिनीबरोबर वाटून घ्यावा लागला, कारण त्याशिवाय देश तो पाहणार कसा, हा प्रश्न उभा राहिला.

आपल्या देशाने याबाबत, आश्चर्य वाटेल, बरीच आधी आणि बरीच ठाम भूमिका घेतली आहे. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. हवेतील प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही नाही, हा त्यातील विचार. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते, आणि श्रोत्यांच्या व प्रेक्षकांच्या हक्कांची त्यांनी केलेली मांडणी आजही वाचण्याजोगी आहे. पुढे २००७ मध्ये निंबस कंपनीशी झालेल्या वादानंतर राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसार भारतीला देणे कायद्याने बंधनकारक झाले. राष्ट्रीय महत्त्व कशाला, हे सरकार ठरविते. व्यवहारात त्याचा लाभ प्रामुख्याने क्रिकेटला झाला, हे वेगळे सांगायला नको.

युरोपातील संघांनी या कोंडीतून बाहेर पडण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. अलीकडचा प्रयत्न ‘वन सायकलिंग’चा. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक निधीशी संबंधित ‘सर्ज स्पोर्ट्स इन्व्हेस्टमेंट’चे भांडवल, काही प्रमुख संघ आणि काही आयोजक यांनी एकत्र येऊन नवी मालिका उभारायची आणि उत्पन्न वाटून घ्यायचे, अशी ती योजना होती. एएसओ तिच्यापासून दूर राहिली. जून २०२५ मध्ये यूसीआयने ही मालिका आपल्या दिनदर्शिकेत घेण्यास नकार दिला. प्रचलित नियमांशी ती सुसंगत नाही आणि तिच्यात क्रीडादृष्ट्या एकसूत्रता नाही, असे कारण दिले गेले. सौदी पैशाबद्दल शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. परंतु संघांना तो पैसा आकर्षक का वाटला, या प्रश्नाचे उत्तर त्या नकाराने मिळत नाही. टूरशिवाय कोणतीही मालिका अपुरी, आणि टूरच्या मालकाला बदलाची गरज नाही.

हा सारा प्रपंच आपल्या दारात आता अगदीच परका राहिलेला नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही चार टप्प्यांची, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. यूसीआयच्या २.२ श्रेणीची टप्प्यांची शर्यत भारतात प्रथमच होत होती. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची आपली परंपरा जुनी आहे. टूरमधील लाल ठिपक्यांच्या जर्सीचा मानकरी तो हाच. जुन्या शर्यतीची कीर्ती वृत्तपत्रांच्या क्रीडापानांनी आणि खोपोली-खंडाळ्याला रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या माणसांनी वाढविली, तिला कॅमेऱ्याची गरज भासली नाही. नव्या शर्यतीचे तसे नाही. घाटातून थेट चित्र पाठवायचे तर मोटारसायकली, हेलिकॉप्टर आणि उपग्रह हवेत. आणि जगभरच्या अनुभवानुसार शर्यत लहान असते तेव्हा वाहिनी आयोजकाला पैसे देत नाही. निर्मितीचा खर्च आयोजकच करतो आणि वाहिनीकडे केवळ वेळ मागतो. लिलाव होतो तो शर्यत मोठी झाल्यावर. तोपर्यंत प्रक्षेपणाचे देयक आयोजकाच्या नावावर असते. आणि या शर्यतीमागे शासन उभे असल्याने ते अखेर करदात्याकडेच येते.